विकलेल्या गाडीच्या मागोमाग आलेला माणूस

आमच्या घरात विकत घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करायची पद्धत नव्हती. बाजारातून बैल आणला आणि एकदा दावं हातात आलं, की तो बैल आपला आणि त्याचे गुण-अवगुणही आपलेच. विकणारा त्याच संध्याकाळी आपल्या गावाला निघून जायचा. पुढे कधी भेटला तर राम राम व्हायचा, एवढंच. त्यामुळे गाडी विकणाऱ्या माणसाला ‘गाडी नीट चालत नाही’ असं सांगता येतं, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मला खरोखर माहीत नव्हतं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवसांबद्दल लिहावं असं बरेच दिवस वाटत होतं, पण यात लिहिण्यासारखं काही आहे का, हे ठरवता येत नव्हतं.

आमचं गाव जाफराबादच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिले काही महिने मी जालन्यात एका चुलतभावाच्या खोलीवर राहिलो. दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. एका खोलीत नव्या जोडप्याबरोबर मी कसा राहणार? मग गावाहून जाणं-येणं सुरू झालं. सकाळची एस.टी. जालन्याला पोचेपर्यंत केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल अर्धं झालेलं असायचं. सर वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की प्रॅक्टिकल पूर्ण झाली नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही.

हे घरी सांगितल्यावर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सरळ तोडगा काढला. एमआयडीसीत बियाण्यांच्या एका प्लांटवर त्यांच्या ओळखीचा माणूस होता आणि तिथं काम मिळत होतं.

“शिकून बी तिथंच जायचं हाये,” अण्णा म्हणाले.

“शिकून गेला तर खुर्चीवर बसंन,” माय भाकरी थापता थापता म्हणाली. “तसाच गेला तर पोतं उचलंन.”

शेवटी एक जुनी मोटारसायकल बघायची ठरली. गाडी चालली तर कॉलेज, नाही चालली तर प्लांट. असं कोणी तोंडानं बोललं नाही, पण आम्हा तिघांनाही ते कळलेलं होतं.

जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, जुन्या गाड्या विकणारं एक दुकान होतं. दुकानदाराला सगळे उस्ताद म्हणत. अंगानं भरलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. भिंतीवर त्यांचाच एक फोटो होता. त्यात चिखलाच्या मैदानावर त्यांची मोटारसायकल हवेत उडालेली होती. तरुणपणी ते रेस खेळायचे, आणि आमच्या ऐपतीत बसणारी जी एकच गाडी दुकानात होती ती त्यांचीच रेसची गाडी होती.

“हे बघा,” ते अण्णांना म्हणाले, “ही मैदानावर पळालेली हाये. इंजिन बिलकुल खणखणीत, पण हिला रस्त्याची सवय न्हाई. सवय मी लावून देतो.”

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर थाप मारली, खाली वाकून पोट बघितलं.

“दात बघायचे राह्यले का काका?” उस्ताद म्हणाले. अण्णांना हसू आलं आणि सौदा झाला.

पुढच्या आठवड्यात उस्तादांनी गाडीला पुढचा दिवा, मडगार्ड आणि लांब सीट बसवून दिली. एक गोष्ट मात्र राहिली. रेसमध्ये इंजिनाला भरपूर हवा मिळावी म्हणून हवा गाळणारी पेटी काढून टाकलेली होती. सीटच्या खाली, जिथून इंजिन हवा ओढतं, ते तोंड उघडंच होतं. “पेटी औरंगाबादहून मागवली हाये. आली की बसवून देतो. तवर चालव,” ते म्हणाले. “आणि एक ध्यानात ठेव. काही झालं तर माझ्याकडं यायचं. दुसऱ्या कोणापुढं उभी करायची न्हाई.” हे सगळेच दुकानदार म्हणत असतील असं मला वाटलं.

गाडी घेऊन मी गावात आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. अंगणात माणसं जमली. माय आरतीचं ताट घेऊन आली. मी गाडी बंद केली नाही, कारण एवढ्या लोकांपुढे पुन्हा किक मारायची वेळ आली आणि ती चालू झाली नाही तर काय, अशी भीती होती. मायनं हँडलला कुंकू लावलं, नारळ ओवाळला आणि कुंकवात भिजवलेल्या तांदळाच्या अक्षता गाडीवर टाकल्या. एकदा टाकून तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्यांदा चांगली मूठ भरून टाकल्या. तिचा चेहरा इतका आनंदी होता, की मी गाडीकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बिघडली. किक मारून मारून पाय दुखला तेव्हा एकदाची चालू झाली. मोठ्या आवाजात पळायची, पण जरा हळू केली की खोकल्यासारखं करायची आणि बंद पडायची. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत कशीबशी गेलो आणि ढकलत परत आलो.

“तिला पळणंच शिकवलेलं हाये,” अण्णा ओट्यावरून म्हणाले. “हळू चालणं तिला माहीत न्हाई.” मग म्हणाले, “सोमवारपर्यंत बघू. न्हाई तर मी प्लांटवर जाऊन सांगून येतो.”

माय संध्याकाळी देवासमोर जास्त वेळ बसली.

उस्तादांना सांगावं की नाही, यात माझा एक दिवस गेला. विकून मोकळा झालेला माणूस चिडेल असं वाटत होतं. शेवटी जाफराबादला जाऊन एस.टी.डी. बूथवरून फोन लावला.

“काय कॉलेजवाले! कशी पळून राह्यली?” पलीकडून आवाज आला.

मी चाचरत सांगितलं.

“असं न्हाई कळत. आवाज करून दाखव.”

“कसला आवाज?”

“गाडीचा. ती जसा करती तसा.”

बूथच्या बाहेर तीन-चार माणसं उभी होती. मी रिसीव्हरभोवती हात धरला आणि हळूच म्हणालो, “हुर्रर्र… फट्. फट्.”

“जोरात! मला ट्रकचा आवाज येऊन राह्यला इथं.”

“हुर्रर्रर्र, फट्! फट्!”

बाहेरची माणसं हसायला लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “किक मार बाबा, चालू होईन.” माझे कान तापले होते. उस्ताद मात्र गंभीरपणे ऐकत होते. “फट् हळू केल्यावर म्हणती का आधीपासून?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, प्लग बदल. मी बदलला. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून तसं सांगितलं.

“मंग रविवारी मीच येतो.”

“न्हाई उस्ताद, तुम्ही कशाला त्रास…”

“त्रास मला होऊन राह्यला का तुला? गाडी माझ्या दुकानातून गेल्ती. गावात आल्यावर कोणतं घर विचारू?”

रविवारी ते आले. एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं. खांद्याला अवजारांची पिशवी, हातात जेवणाचा डबा, अंगात तोच कडक शर्ट. शर्ट काढून त्यांनी दोरीवर घडी घालून टाकला आणि बनियनवर गाडीपुढे बसले. पेट्रोल आणि हवा जिथं मिसळते तो भाग त्यांनी उघडला, फुंकला, धुतला, पुन्हा बसवला. किक मारली.

हुर्रर्र, फट्.

“विकताना तर पळत होती,” अण्णा म्हणाले. टोमणाच होता तो. उस्तादांचं तोंड पडलं. मघाशी ते आम्हाला, त्यांची रेस बघायला लोक झाडावर कसे चढायचे, ते सांगत होते. आता खाली मान घालून पुन्हा गाडीपुढे बसले. मी त्यांच्या शेजारी पाना धरून बसलो होतो आणि मनात एमआयडीसीचा रस्ता दिसत होता. त्यांनी पुन्हा सगळं खोललं. या वेळी आणखी आत गेले. इंजिनाच्या तोंडाशी पातळ पत्र्याच्या पाकळ्यांची एक छोटी झडप असते. ती हवेला आत जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. ती काढून त्यांनी उन्हात धरली. पाकळ्यांच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं त्यांनी ते बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं.

तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

उस्ताद मोठ्यानं हसले. “मावशी, ओ मावशी! इकडं या! तुमचा आशीर्वाद सरळ इंजिनात गेल्ता!”

माय दारात आली. दाणा बघून तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

“माझ्याच हातानं झालं का हे?”

“घे,” अण्णा म्हणाले. “कॉलेज कॉलेज करत होतीस…”

माय आत निघून गेली. उस्तादांचं हसणं थांबलं. तळहात तसाच पुढे धरून ते अण्णांना म्हणाले, “काका, असं न्हाई. घरी गाडी आली की माय अक्षता टाकणारच. हे मला ठाऊक पाहिजे होतं. मैदानावर कोणी अक्षता टाकत न्हाई, म्हणून माझ्या डोक्यातच आलं न्हाई. तोंड उघडं ठेवून मी गाडी दिली. चुकी विकणाऱ्याची हाये, घरच्यांची न्हाई.”

ते उठले, हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बाहेरच उभे राहिले.

“मावशी, चहा ठेवा. पण चहाची गाळणी मला द्या.”

आतून माय म्हणाली, “मंग चहा कशानं गाळू?”

“आजच्या दिवस फडक्यानं. पेटी अजून आली न्हाई. आली की नवी गाळणी घेऊनच येतो.”

मायनं स्टीलची गाळणी बाहेर दिली. उस्तादांनी दांडी कापली, जाळी त्या उघड्या तोंडावर बरोबर दाबून बसवली, वरून पातळ कापडाचा एक पदर घेतला आणि तारेनं आवळलं. मग झडप साफ करून जागेवर लावली. किक मारली. गाडी पहिल्या किकला चालू झाली आणि हळू आवाजात चालत राहिली. इतक्या हळू, की अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, काम झालं. पण उस्ताद म्हणाले, “आता मावशींना बोलवा. अक्षता घेऊन या म्हणा.”

माय आली, पण रिकाम्या हातानं. “न्हाई बाई. मी हात लावत न्हाई आता त्या गाडीला.”

“लावावा लागंन,” उस्ताद म्हणाले. “गाडी तुमच्या घरात राहणार. दसऱ्याला टाकचाल, पाडव्याला टाकचाल, याची परीक्षा असंन त्या दिवशी टाकचाल. दर वेळी मी जीपनं यायचं का? आज माझ्यासमोर टाका. मला बघून जाऊ द्या.”

ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा अण्णा ओट्यावरून उतरले, आत गेले आणि स्वतःच अक्षतांची वाटी घेऊन आले.

“टाक म्हणतेत तर टाक,” ते म्हणाले.

मायनं दोन दाणे चिमटीत घेतले.

“असं न्हाई,” उस्ताद म्हणाले. “त्या दिवशी टाकल्या तशा.”

मग तिनं डोळे मिटले आणि मूठभर अक्षता टाकल्या. टाकीवरून, सीटवरून घरंगळत काही दाणे जाळीशी जाऊन थांबले. आम्ही चौघंही वाकून ऐकत होतो. गाडी चालतच राहिली. उस्तादांनी आवाज वाढवला, पुन्हा कमी केला. काहीही झालं नाही. मायनं डोळे उघडले आणि ती एकदम हसायला लागली. हसता हसता तिनं उरलेल्या अक्षता उस्तादांच्या डोक्यावर टाकल्या. “तुम्हाला बी असू द्या,” ती म्हणाली. त्या धिप्पाड माणसानं डोकं खाली वाकवलं आणि दाणे झटकले नाहीत.

जेवायला ते थांबले. आपला डबा त्यांनी मायला दिला आणि आमच्या घरची भाकरी खाल्ली. फाट्यापर्यंत त्यांना सोडायला मी गाडी काढली. ते चालवतील म्हणून मी किल्ली पुढे केली, तर त्यांनी मानेनं नाही म्हटलं आणि मागे बसले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “या गाडीवर मी पहिल्यांदाच मागं बसलो.” मी घाबरून वेग आणखी कमी केला. “असंच चालव,” ते म्हणाले. “आता हिला घाई न्हाई.”

गाडी विकून झाल्यावरही ती आपलीच जबाबदारी आहे असं मानणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हे मोठं वाक्य झालं असेल. त्या दिवशी मात्र मला असं काही सुचलं नव्हतं. एस.टी. आली तेव्हा मी नुसता हात जोडून उभा राहिलो, आणि त्यांनी खिडकीतून विचारलं, “उद्या प्रॅक्टिकल किती वाजता?”

सोमवारी पहाटे मी उठलो तेव्हा अंगणात अजून धूसर होतं. अण्णा प्लांटवर जाणार होते तो हाच दिवस. ते माझ्याआधी उठले होते, पण अंगावर धोतर-बनियनच होतं. जालन्याला जाण्याची काही तयारी दिसत नव्हती. गाडीपाशी उभे राहून ते खांद्यावरच्या उपरण्यानं सीटवरचं दव पुसत होते. पुढचं पुसलं, मागचं पुसलं, मग हँडलही पुसलं.

“जाय जल्दी,” ते म्हणाले, “टाइम होऊन राह्यला.”