खिडकीवरचा पहिला प्रश्न

रविवार, अकरा जानेवारी. सकाळपासून माझ्या मैत्रिणीच्या, रेहानाच्या घडीच्या स्टुलाला नवीन कापड बसवत होते. जुनं मधोमध फाटलं होतं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदाम-कामगारांचे गणवेश शिवायचा माझा छोटा कारखाना आहे, त्यामुळे जाड कापड आणि दणकट मशीन दोन्ही हाताशी होतं. स्टूल तिच्या अम्मींनी दिलं. "बसायला लागेल," एवढंच म्हणाल्या. रेहानाला जाऊन दीड महिना झाला. बातमी आली तेव्हा मी याच मशीनवर होते. हृदयविकाराचा झटका... फोन ठेवला, कारागिरांना काम नेमून दिलं आणि मग निघाले. काम अर्धवट टाकून धावत गेले असते तर तीच ओरडली असती.

भिवंडीच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती कोकणी मुसलमानांच्या घरातली, मी आगऱ्यांची. मी शिवणकामात शिरले, ती अर्थशास्त्रात. न्यायालयं, पालिका, सरकारी कार्यालयं या संस्था कितपत चांगल्या चालतात हे मोजायचं कसं, हा तिचा विषय. एका भागात धंदा वाढतो आणि शेजारच्या भागात का वाढत नाही, हे शोधताना अभ्यासकांना असं मोजमाप लागतं. त्यासाठी ते जाणकारांकडे प्रश्नावली पाठवून गुण मागवतात. रेहानाला हे पटत नसे. "अगं, ज्याला साहेब उठून खुर्ची देतो, तो साहेबाला नापास कशाला करेल?" म्हणून ती थेट लोकांना विचारायला निघाली, आणि गावं माझ्या माहितीतली म्हणून मलाही ओढलं.

दिघाशी गावात पहिल्याच दिवशी फजिती झाली. इथल्या सरकारी कार्यालयाला दहापैकी किती गुण, असं विचारलं की जो तो दहा म्हणे. ओट्यावर वाल सोलत बसलेल्या एका आजींना रेहानाने धरलंच. "पण आजी, एका दाखल्यासाठी किती खेटे मारले ते मघाशी तुम्हीच सांगितलंत ना?"

"मारलं ना. पन तिथला कारकून आमचे गावचा जावय हाय. जावयाला कमी गुण देऊ? उंद्या पोरीला कोन नांदवील?"

परतताना रिक्षात रेहाना हसत राहिली... मग तिने प्रश्नावली मिटली. "सुनंदे, गुण विचारणं बंद. आपण कार्यालय मोजतच नाहीयोत, जावई मोजतोय."

त्यानंतर हे स्टूल आलं. कार्यालयांच्या व्हरांड्यात ते उघडून ती बसायची आणि एकच गोष्ट टिपायची. खिडकीवर माणूस गेला की आतून पहिला प्रश्न कोणता येतो? 'काय काम आहे?' की 'कोणाकडून आलात?' दुसरा प्रश्न जितक्या वेळा ऐकू येईल, तितकी ती संस्था कच्ची. एका चर्चासत्रात एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच. सर, तुम्ही ओळख न सांगता सरकारी कार्यालयात शेवटचे कधी गेला होतात?" त्यांनी तिचं मोजमाप काही मान्य केलं नाही. तिनेही स्टूल मिटलं नाही.

वाद मीही घातला. माझा थोरला भाऊ राजकारणात आहे. त्याच्या एका फोनवर माझ्या कारखान्याची परवानगी आली होती. "माझं काम झालं, त्यात कुणाचं काय बिघडलं?"

"रांगेत तुझ्या मागे कोण होतं?"

"लूमवर काम करणाऱ्याची बायको असेल. परप्रांतातली."

"मग तिने कोणाचं नाव सांगायचं?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. चहा घे," मी म्हटलं. चहा तिने घेतला, प्रश्न मागे घेतला नाही.

आपल्या भागातलं कार्यालय मात्र तिने कधी मोजलं नाही. तिथे सगळे तिला ओळखत, त्यामुळे खरं काही कळणार नाही म्हणायची. आता नेमकं तिथेच अम्मींचं काम अडलंय. रेहानाच्या मृत्यूचा दाखला अजून मिळालेला नाही आणि त्यावाचून बँक, घर, सगळंच थांबलंय. मुलीच्या आधारावर राहणाऱ्या बाईने थांबायचं तरी किती? दादा म्हणाला, "एक फोन करतो, दाखला घरपोच येईल." मलाही ते सोयीचं वाटलं. पण अम्मींनी हात आडवा केला. "नको गो सुनंदा. तिचा शेवटचा कागद तरी ओळखीवाचून येऊ दे." आणि कोपऱ्यातलं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

सोमवारी सकाळी मी अम्मींना घेऊन गेले. रांग सरकत सरकत खिडकीशी पोहोचलो. मान वर न करता आतल्या माणसाने विचारलं, "कोणाकडून आलात?"

"कोणाकडून नाही. मृत्यूचा दाखला न्यायला आलोय."

"मग बसा."

पर्समध्ये माझा फोन वाजत होता, दादाचा. मी तो बंद केला, स्टूल उघडून खिडकीसमोरच मांडलं, अम्मींना बसवलं आणि त्यांच्या मागे उभी राहिले.

"बसलोय," मी म्हटलं. "आता विचारा, काय काम आहे."