जाऊ का, भावजी?

आमच्या घरामागून एक पायवाट निघायची, तात्यांच्या रानातून जायची आणि ओढ्यापलीकडं मावशीच्या दारात संपायची. मावशीला दिसत नव्हतं. भाकरी तिला सासरचे घालत, पण तिची वेणी आईच घालायची, रोज सकाळी जाऊन. रस्त्यानं जायचं तर पार फाट्यापर्यंत वळसा पडे, आणि आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

तात्या म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. त्यांच्या बांधावर आली की आई पदर सारखा करून हाक द्यायची, "जाऊ का, भावजी?" विहिरीवरून तात्या ओरडायचे, "जावा की वैनी! इचारायचं काय त्यात?" आमच्याकडची रीतच ती. दुसऱ्याच्या रानात न विचारता शिरणारा माणूस चढेल समजत, आणि विचारल्यावर नाही कुणी म्हणत नसे.

दुष्काळ सरला, तात्यांच्या विहिरीवर मोटार बसली आणि जोंधळ्याच्या रानात ऊस आला. उसात पायवाट म्हणजे वाया गेलेली सरी. तात्यांनी वाट नांगरून काढली आणि तोंडाशी बाभळीच्या फांद्या रोवल्या. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. आमच्या तात्यांनी वाटसुद्धा खाल्ली.

वडील पलटणीत, लांब सरहद्दीवर. मी साताऱ्याला कॉलेजात होते, सगळं कळतं असं वाटायचं ते वय. वाट मोकळी करून मिळावी म्हणून मीच तालुक्याला अर्ज दिला.

साहेब पाहणीला आले, बांधावर गाव जमलं. तात्या अगदी शांतपणे म्हणाले, "सायेब, ह्या मला इचारून जायच्या. त्यास्नीच इचारा की."

"बाई, जाताना परवानगी मागत होतात का?"

मी मागून आईचा पदर ओढला. तिला वाटलं, डोक्यावरचा घसरला.

"व्हय तर," पदर नीट करत ती म्हणाली. "इचारल्याबिगर कसं जायाचं? रान त्येंचं हाय."

विचारून जात होतात म्हणजे ती हक्काची वहिवाट नव्हे, त्यांची मेहरबानी, आणि मेहरबानी कधीही बंद होऊ शकते, असं साहेबांनी समजावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईची चांगली रीतच तिच्यावर उलटली होती आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. वर आणखी, निघताना तात्या म्हणाले, "वैनी, चा प्यायला या." आणि आई "येते" म्हणाली!

ऊस वाढला, मावशीचं घर दिसेनासं झालं. आईनं वळशानं थोड्या फेऱ्या मारल्या, मग गुडघ्यांनी तेही बंद केलं.

कारखान्याची टोळी येऊन ऊस तोडून गेली, तेव्हा मी सुट्टीला घरी होते. फांद्या गाड्यांखाली मोडून पडलेल्या, रान मोकळं. पलीकडं मावशी उंबऱ्यावर बसलेली, केस पाठीवर सुटलेले. आईनं तेलाची वाटी आणि फणी उचलली आणि दुखऱ्या पायांनी जवळजवळ धावतच बांध गाठला.

"जाऊ का, भावजी?"

तात्या गाडीबरोबर कारखान्यावर गेले होते. पण पलीकडं मावशीनं आवाज ओळखला. ती भिंतीला धरून उठली आणि आमच्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

"जा ना गं आई. कुणी नाही रानात."

"कुनी न्हाई, तर इचारू कुनाला?" आई म्हणाली. "सायेबानं सांगितलंय न्हवं, मेहरबानी हाय म्हनून."

तिनं फणी कमरेला खोचली. मग तेल सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांत धरून घराकडं वळली.