चुन्यातली नीळ

बायको पावसाळ्याआधी गेली. तेव्हापासून मला घरात बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठतो, आणि उठलो की कशाला उठलो तेच आठवत नाही. मुलगा म्हणतो, "पप्पा, जरा एका जागी बसा ना." त्याला काय जातं सांगायला.

मी रंगारी. शाळा थोडीच झाली, हातात कुंचा लवकर आला. राजोडीच्या आसपासची किती घरं आम्ही दोघांनी पांढरी केली. भिंतीला हात मी मारायचो, चुना ती कालवायची. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, उकळून शांत झाला की गाळायचा, आणि शेवटी नीळ. फडक्यात पुरचुंडी बांधून ती बालदीत फिरवायची. नीळ नसली तर चुना पिवळट वाटतो, जास्त झाली तर निळा. किती घालायची ते तिचा हात जाणे. मी कधी विचारलं नाही. ती होती, मग विचारायचं कशाला?

आता घरांना प्लास्टिक पेंट लागतो. आमच्याकडे उरल्या त्या कबरी. नोव्हेंबरात चर्चच्या मृतांच्या दिवसाआधी गावात जो तो आपल्या माणसाची कबर साफ करतो, चुना लावतो, संध्याकाळी मेणबत्त्या पेटवतो. ज्यांना जमत नाही त्यांच्या आम्ही करायचो. यंदा तिची करायची होती. मी बालदी घेऊन कबरस्तानाच्या फाटकापर्यंत जायचो आणि तिथून परत यायचो.

अशात विरारहून विद्यापीठातल्या एका मॅडमचा फोन आला. गच्च्यांना चुना लावायचाय म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. मुलगा चिडला. "या वयात गच्चीवर? ऑक्टोबरच्या उन्हात?"

"मग काय, तुझ्या टीव्हीसमोर मरू?"

मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी मला वरच्या मजल्यावरच्या वर्गात घेऊन गेल्या. छत तापून भट्टी झालेलं. एसी घरघरत होता तरी पोरं वहीने वारा घेत होती.

"पंखे लावा की," मी म्हटलं.

"पंखे हीच गरम हवा फिरवतात, काका. आधी छत थंड झालं पाहिजे. गच्ची पांढरी असली की ऊन परत जातं. मग एसी कमी चालेल, काही वर्गांत बंदही करता येईल."

पटलं. दोन गडी हाताशी घेऊन चुना भिजवला, गाळला. पिशवीत तिचा निळीचा डबा होता. हात आपोआप तिकडे गेला. पुरचुंडी बांधली, फिरवली. गच्चीचा एक कोपरा मारून झाला.

चुन्याचा रंग वाळल्यावर कळतो. दुपारी मॅडम आल्या. करोनात कपाळापुढे धरायचे तसलं यंत्र त्यांच्या हातात. आधी त्यांनी स्वतः नुसता चुना फासून ठेवलेल्या तुकड्यावर धरलं, मग माझ्या कोपऱ्यावर. परत धरलं.

"तुमचा भाग जास्त तापलाय. काय घातलंत यात?"

"नीळ."

"कशाला?"

"पांढरं दिसायला."

"इथे दिसायला नकोय, काका, पांढरं असायला हवंय. वर बघणार कोण? घारी?"

"बघितलं घारींनी तर काय बिघडलं?" माझा आवाज चढला. गडी कुंचे धरून उभेच राहिले. "माझी बायको जन्मभर घालत आली."

"मग त्यांना विचारा तरी किती घालायची. हे सरळ निळं झालंय."

"ती कबरस्तानात आहे. तिच्याच कबरीला चुना लावायचा राहिलाय."

मॅडमनी यंत्र खाली केलं. माफी वगैरे मागितली नाही, ते बरं केलं. एवढंच म्हणाल्या, "मग तुम्ही इथे काय करताय?"

मी कोपऱ्यावर नुसत्या चुन्याचा हात दिला. मग दुसरा. बाई बरोबर बोलत होती, त्याचाच जास्त राग येत होता.

गच्च्या झाल्या. शेवटच्या दिवशी मी त्या वर्गात गेलो, बाकावर चढून तळहात छताला लावला. चटका बसला नाही. एसी बंद होता, पंख्यावर भागत होतं. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, पडाल." मी उतरलो. आता तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालदी घेऊन फाटकाच्या आत गेलो. तिच्या कबरीवरचं गवत उपटलं. भोवतीच्या विटांना आणि क्रूसाला नीळ घातलेला चुना लावला. वाळला तर आजूबाजूच्या कबरी पांढऱ्या आणि हिचीच आकाशी.

शेजारच्या कबरीवर फुलं ठेवणारी म्हातारी हसली. "काय रे, स्विमिंग पूल केलास? बायको असती तर बोलली असती तुला."

"असती तर कबर कशाला रंगवली असती?"

पुन्हा कालवला, नीळ कमी घातली. वाळेपर्यंत थांबवेना म्हणून म्हातारीच्या माणसाच्या कबरीलाही हात मारून दिला. बघितलं तर हिची आता पिवळट. तिसऱ्यांदा पुरचुंडी बुडवली आणि त्याच बालदीत आणखी एकदाच फिरवून काढली. उन्हं कलता कलता क्रूस वाळला. तिच्या हातचा असायचा तसाच, अगदी तसाच. तरी विटांवर आणखी एक हात फिरवला, उगाच. मग कुंचा धुतला आणि तिथेच मातीत बसलो.

मुलगा शोधत आला. "घरात बसा म्हटलं तर बसत नाही, आणि इथे केव्हाचे बसलात?" असं म्हणत माझ्या शेजारी विटांवर बसायला गेला.

"ओलं आहे," मी म्हटलं. "टेकू नकोस."