डेग मागायला नको होती

भर मे महिन्यात परभणीतून सायकली काढून चाळीसेक किलोमीटरवरच्या टेकडीला जायचं, हे मला सुचलेलं नव्हतं. मी असलं काही सुचवत नाही. दुसऱ्यांना सुचतं आणि पार मला पाडावं लागतं. घरी, ऑफिसात, लग्नकार्यात, सगळीकडे हेच. यावेळी सुचलं होतं आमच्या गल्लीतल्या काकांना.

काकांना विजेच्या खात्यातून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. आमचा सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात सगळ्यात वयस्कर तेच. आमच्या सगळ्यांच्या गियरच्या सायकली, त्यांची एकट्याची उंच, काळी, जुन्या पद्धतीची. गुडघे गेलेले आहेत. जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी चढतात, पण पायडलवर पाय ठेवला की तो माणूस वेगळाच. "खाली उतरलं की मी म्हातारा, ताई. वर बसलं की न्हाई," असं ते हसत सांगतात.

तर एका सकाळी चहाच्या टपरीवर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा न्यायला यायलाय मला. पुढच्या सोमवारी. पुण्याला बाराव्या मजल्यावर ऱ्हातो. सायकल नेऊ देत न्हाई. जायच्या आधी एकदा पिराला सायकलवर जाऊन यावं म्हणतो."

पीर म्हणजे बोरीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, एका टेकडीच्या उतारावर असलेली जुनी कबर. काळा दगड, त्यावर कोरलेली साखळी, वर एक वाकडा चाफा. कोणी म्हणतं तो फौजेबरोबर आलेला सरदार, कोणी म्हणतं फकीर. आमच्या भागातली शेतकरी माणसं त्या वादात पडत नाहीत, नारळ फोडतात आणि येतात. काका आणि त्यांचे तीन दोस्त तरुणपणी दर उन्हाळ्यात, पेरणीची गडबड सुरू व्हायच्या आत, तिथं सायकलनं जायचे. त्या चौघांत आता काका एकटे उरलेत.

मी हो म्हटलं. सोमवारी मुलगा येणार, म्हणजे जायचं ते रविवारीच.

संध्याकाळी यादी केली. पहाटे निघायचं, उन्हं तापायच्या आत पोचायचं. झरीला चहा. पंक्चरचं सामान. मीठ-साखरेच्या पुड्या. प्रत्येकाला टोपी. परतीला ऊन उतरल्याशिवाय निघायचं नाही. ग्रुपवर सगळं व्यवस्थित टाकलं आणि खाली लिहिलं, कोण येणार ते नाव लिहा. नाव कोणी लिहिलं नाही. सगळ्यांनी अंगठे टाकले. अंगठा म्हणजे येणार, की वाचलं, की छान आहे पण मला झोपू द्या, हे आजवर मला कळलेलं नाही. एकानं विचारलं, मागून एसी गाडी असेल ना? एकीनं विचारलं, नाष्ट्याला काय? एका शहाण्यानं सुचवलं की पाऊस पडल्यावर जाऊ, टेकडी हिरवीगार असते. मी लिहिलं की पाऊस पडेल तेव्हा काका पुण्यात असतील. त्यावरही अंगठा.

तरी मी नेटानं पुढे गेले. टेकडीच्या पायथ्याशी पोचल्यावर सगळ्यांना गार लिंबूपाणी मिळालं पाहिजे, असं माझ्या डोक्यात होतं. त्याला मोठं भांडं हवं. माझी थोरली जाऊ पेडगावला असते, तिच्याकडे तांब्याची, आतून कल्हई केलेली भलीमोठी डेग आहे. मी फोन केला.

"अक्का, रविवारी तुमची डेग लागेल मला. पिराच्या टेकडीला जायचंय."

पलीकडे अक्कांचा आवाज एकदम मऊ झाला. "किती माणसं?"

"पंधराएक."

"बरं. डेगीचं काय घेऊन बसलीस, समदं बघते मी. तू कायबी काळजी करू नको."

अक्कांनी आपणहून काही अंगावर घेतलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझा जन्म याच जिल्ह्यातला. वैशाखात ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतात, पेरणीला अवकाश असतो, आणि वर्षभरात बोललेले नवस याच दिवसांत फेडले जातात. पिराला बोकड कापायचं, तिथंच शिजवायचं, भावकीला जेवू घालायचं. त्याला आमच्याकडे कंदुरी म्हणतात. मी स्वतः कितीतरी कंदुऱ्यांना जेवले आहे. या दिवसांत एकाच दमात 'डेग' आणि 'पीर' म्हणणाऱ्या बाईच्या घरी कंदुरी आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण माझ्या डोक्यात लिंबूपाणी होतं.

शुक्रवारी हे घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "पेडगावहून फोन होता. बोकड घेतलंय म्हणे. तुझ्या यादीत बोकड होतं का?"

मी तिथल्या तिथं फोन लावला.

"अक्का, कंदुरी नाहीये. आम्ही सायकलनं चाललोय."

"ये की सायकलनं. लोक अनवाणी चालत येतेत."

"अहो, मी नवसच बोललेली नाही."

"नवस कुणी सांगत फिरतंय का? मला कळतंय की. पोरीच्या नोकरीचा हाय ना?"

"कशाचाच नाही!"

"बरं, नको सांगू. पण बोकड पिराच्या नावानं सोडलंय आता. त्याला परत दावणीला बांधता येत न्हाई. आन् भावकीला सांगून झालंय."

फोन ठेवला तेव्हा हे गालात हसत होते. मी त्यांना म्हटलं, हसू नका, कांदे तुम्हाला चिरायला लावीन.

बातमी ग्रुपमध्ये कशी गेली कोण जाणे, पण शनिवारी सकाळी जे अंगठे दाखवून गप्प होते ते सगळे बोलायला लागले. ताई, कंदुरी आहे तर आधी सांगायचं ना! मग सायकलचा त्रास कशाला? आम्ही जीप करतो. सासूबाईंना आणलं तर चालेल का? माझ्या यादीतली सायकलवाल्यांची नावं एकेक करून जेवणाऱ्यांच्या यादीत गेली. संध्याकाळपर्यंत सायकलवर उरलो मी, काका, आणि बँकेतले एक गृहस्थ, ज्यांचा फोन रविवारी पहाटे बंद लागला.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी काका आले. ओट्यावरच बसले. "ताई, माझ्यापायी लोकायचा कार्यक्रम मोडू नका. जीपमधून जाऊ. जाणं झालं म्हंजे झालं."

मला आणखीच राग आला. कारण दाराबाहेर त्यांची सायकल उभी होती. चेनीला तेल दिलेलं, ब्रेकचे रबर नवे, मागच्या कॅरियरला पाण्याची बाटली सुतळीनं पक्की बांधून ठेवलेली. जीपनं जायचं ठरवलेल्या माणसाची सायकल अशी नसते.

"काका, पहाटे चारला निघायचं," मी म्हटलं.

"चारला कशाला? तीनला आलो तरी चालंल की," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून पटकन उठले. माझं मन बदलायच्या आत.

सकाळ मात्र चांगली गेली, हे मला प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. रस्त्यावर आम्ही दोघंच, अधूनमधून एखादा ट्रक. झरीला चहा घेतला. काका मला दोस्तांविषयी सांगत होते. एक जण उताराला इतका घाबरायचा की उतार आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायचा, आणि बाकीचे तिघं खाली त्याची वाट बघत शेंगा खायचे. "त्याच्यामुळं आमाला सगळीकडं उशीर व्हायचा," काका म्हणाले. "पण त्याला टाकून कदी गेलो न्हाई."

बोरी मागे पडली आणि ऊन अंगावर आलं. त्याच सुमारास माझा फोन वाजायला लागला.

कंदुरीची एक रीत असते. नवस बोललेल्या माणसानं स्वतः बोकडाच्या गळ्यात हार घातल्याशिवाय बोकड कापणारा मुलाणी सुरीला हात लावत नाही. मी माझ्या सगळ्या याद्यांमध्ये ही एक गोष्ट विसरले होते, कारण माझ्या लेखी माझा नवसच नव्हता. पण टेकडीखाली अख्खी भावकी, अर्धा सायकल ग्रुप आणि त्यांच्या सासवा चुली पेटवून बसल्या होत्या, आणि बोकड चाफ्याखाली पाला खात उभं होतं.

"कुठं हायस?" अक्का.

"आणखी किती वेळ?" ग्रुपमधली नाष्टा विचारणारी.

"मुलाणी जातो म्हणतोय, दुसरीकडं बी कंदुरी हाय त्याची," पुन्हा अक्का.

मी फोन पिशवीत टाकला. मोठ्या रस्त्यावरून आत वळलो तशी समोरून वारं सुरू झालं, भट्टीच्या तोंडासारखं. काकांचा वेग मंदावला. कितीदा तरी खाली उतरले, पुन्हा बसले. टेकडी दिसत होती, जवळ मात्र येत नव्हती. आणि तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. चालवत होता माझा पुतण्या, अक्कांचा थोरला. चांगला दोन लेकरांचा बाप, पण आईचा निरोप आणायचा म्हटलं की तोंड पाडून येतो.

"काकू, बसा लौकर. सायकली वर टाकतो. माणसं उपाशी हायती, लेकरं रडायलीत."

काका केव्हाच उतरले होते. त्यांचा एक हात सायकलच्या हँडलवर होता, दुसरा जीपच्या दारावर. "लेकरं उपाशी हायत म्हणतो, ताई," ते खाली बघत म्हणाले. "चला. इथवर आलो ना. तेवढं बास झालं."

आठवडाभर साचलेलं सगळं माझ्या डोक्यात गेलं. ते अंगठे, ती एसी गाडी, ते हिरवंगार, ते बोकड. सगळ्यांनी मिळून मला नवस चिकटवलाच होता. मग तो माझाच.

"हे बघ," मी पुतण्याला म्हटलं, "नवस माझा आहे ना?"

"हाव."

"तर मी सायकलवर यायचं बोलले आहे. मी आणि काका, दोघांनी. मध्ये जीपला बसलो तर मोडतो."

पुतण्याचा चेहरा पार बदलला. त्यानं आधी कानाला हात लावला. मग काकांचा हात जीपच्या दारावरून अलगद उचलून बाजूला केला. "आदी सांगायचं ना काकू. आई तर काय बाय बोलायली मला."

"आईला सांग, डेग रिकामी आहे ना, तिच्यात लिंबूपाणी करा आणि लेकरांना पाजा. लिंबं मी पाठवलेल्या पिवळ्या पिशवीत आहेत. आणि मुलाण्याला धरून ठेवा."

जीप वळली. काकांनी माझ्याकडे बघितलं. सायकलवर बसले आणि माझ्या पुढे निघाले. उरलेल्या वाटेत ते एकदाही उतरले नाहीत.

पायथ्याशी सगळे उभे होते. आठवडाभर मला सायकलवरून बोल लावणारी माणसं आता हात जोडून उभी. अक्कांनी कळशी आणून आमच्या सायकलींच्या चाकांवर पाणी घातलं, हँडलला हळदकुंकू लावलं. नाष्टेवाली फोटो काढत होती. काकांनी सायकल एका कडुलिंबाला टेकवली, खोडावरून हात फिरवला आणि बुंध्याशीच बसले.

मी त्यांना वर न्यायची तयारी केली होती. दोन तगडी माणसं, मध्ये विसाव्याला खुर्ची, सगळं ठरवून ठेवलं होतं. "काका, चला. पायऱ्यांचं बघितलंय मी."

"मी न्हाई येत वर," ते म्हणाले. "आमी सायकली इथंच लावायचो. या झाडाला. मला इथवर यायचं हुतं."

एवढा खटाटोप केला आणि माणूस कबरीला हात न लावता झाडाखाली बसून राहिला. मी चिडून एकटीच वर चढले. हार घातला. कबरीची देखभाल करणाऱ्या मुजावरानं विचारलं, मन्नत कोणाची? मी म्हटलं, खाली झाडाखाली बसलेत त्यांची. त्यानं कबरीवरची चाफ्याची चार फुलं माझ्या ओंजळीत दिली. खाली येऊन ती काकांना दिली. त्यांनी एक खिशात ठेवलं, बाकीची तीन झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

जेवायला दुपार उलटली. काका पोटभर जेवले. परत जाताना सायकली जीपवर टाकायला त्यांनीच सांगितलं, "आता कायबी करा," म्हणून. मी हुश्श केलं, तर अक्का हात पुसत आल्या.

"नवस सायकलवरचा बोललीस ते बरं केलंस. पण आता दरसाल सायकलवरच यावं लागंल बघ तुला. असा नवस एकदाचा नसतो."

"अक्का, अहो मी..." एवढंच म्हणाले. समजावून सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता.

काका शेजारीच होते. म्हणाले, "मग माझी सायकल ताईकडंच ऱ्हाऊ द्या. तिला वाट म्हाईत हाय."

सोमवारी मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. सायकल माझ्या ओसरीत आहे. ती माझ्यासाठी फार उंच आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. पुढच्या वैशाखाच्या आत सीट खाली करून घ्यायची आहे. यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय.