उशीर होईल म्हणून सांगा

मे महिन्यातलं टळटळीत ऊन होतं. टोलनाक्याच्या अलीकडे महामार्ग पोलिसांनी मांडव घातला होता. तिथल्या हवालदार बाईंनी माझी गाडी बाजूला घ्यायला लावली, हातात गार पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, “घरी कोण वाट बघतंय?”

“आई. जेवायची थांबलीय.”

“मग त्यांना फोन लावा. उशीर होईल म्हणून सांगा. मगच सोडते.”

ही कसली तपासणी, असं पुटपुटत मी फोन लावला. आई म्हणाली, “सावकाश ये रे. आंबे पाण्यात घातलेत, रस तू आल्यावरच काढू.”

म्हणजे घाईचं कारण तिथेच संपलं. तरी जीव थाऱ्यावर येईना. मघाशी मोठ्या हिकमतीने मागे टाकलेला ट्रक आरामात पुढे निघून गेला आणि माझं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो, आपण कुणासाठी तरी पळतोय. ती माणसं तर सावकाश ये म्हणतात.

बाई पुढच्या गाडीकडे वळल्या होत्या. मी सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाणी पीत होतो, आणि माझा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबावा तशी जमीन दाबत होता.