सरळ जाणारा हात

वडील खोडाळ्याच्या शाळेत गुरुजी होते. मुंबईच्या प्रयोगशाळेत मी नक्की काय करते, हे चार वर्षं सांगूनही त्यांना समजलं नव्हतं. आत्या बाजारात सगळ्यांना सांगायची, आमची पोर बल्ब बनवते. अंगावरून वारं गेल्यावर वडिलांनी अंथरुणातून एकच धोशा लावला, “एकदा तुझा उजेड दाखव.”

माझा उजेड म्हणजे प्लॅस्टिकचाच एक भाऊबंद, लांब साखळ्यांचा. त्याचा पातळ थर काचेवर देऊन तापवला की तो द्रवस्फटिक होतो आणि साखळ्या एका दिशेनं निजतात. मग अतिनील दिव्याखाली तो हिरवा उजळतो, आणि तो उजेडही बहुतेक त्याच दिशेचा. समोर पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेचा उजेड जाऊ देणारी, चकती धरून फिरवली की तो मंदावत जातो. पण साखळ्यांना दिशा मिळावी म्हणून थराखाली काचेवर दिलेलं अस्तर आधी मखमलीनं घासावं लागे. हातानं, अगदी सरळ रेषेत.

तिथंच माझं घोडं अडलं. लहानपणापासून मी घर शेणानं सारवलेलं. माझा हात शेवटी वळायचाच, अर्धगोल काढायचाच. काचांमागून काचा वाया गेल्या. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, “ही काय रांगोळी आहे?” मला राग आला तो हाताचा. मनगटाला पट्टी बांधून मी पावसाळाभर घासत राहिले, घरी गेलेच नाही.

एक काच जमली, त्याच दिवशी निरोप आला, लवकर ये. काचेवर बारीक ओरखडा होता. वडिलांना चांगलीच दाखवायची म्हणून मी दुसरी करायला दोन दिवस थांबले.

जीपमधून उतरले तेव्हा वडिलांना न्यायचं माझ्यासाठीच थांबवून ठेवलं होतं. मी तोंड बघितलं. काहीच वाटलं नाही. काच, चकती, छोटा दिवा, सगळं पिशवीत तसंच राहिलं.

माणसं त्यांना घेऊन गेल्यावर आत्यानं शेणाची पाटी पुढं केली. वडील निजले होते ती जागा सारवून तिथं दिवा ठेवायचा होता. मी सारवायला बसले. आत्या जरा वेळ बघत राहिली.

“कशी सारवतंस गो? तुजा हात वळत कसा नाय?”

मी खाली पाहिलं. भिंतीपासून दारापर्यंत सरळ पट्टे उमटले होते. मुद्दाम हात वळवून पाहिला. तो सरळच गेला. रडू तेव्हाही आलं नाही, फक्त त्या हाताची लाज वाटली.