साखरेत घोळवलेलं आगळ

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे शेक दिल्यापासून बाबांच्या तोंडाची चव गेली होती. जखमा भरल्या, पण चव परतेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, थोडं आंबटचिंबट देत राहा. आईला मात्र वेगळीच काळजी लागली होती. लग्नापासून तिच्या माशांच्या प्रत्येक हुमणात खोट काढणारा माणूस आता पुढ्यात येईल ते मुकाट्यानं गिळून ताट बाजूला सारत होता. आता भांडतसुद्धा नाहीत, असं ती मला फोनवर सांगायची. मला तिच्याइतकीच भीती वाटायची.

मी डिचोलीला असते, रविवारी पेडण्याला माहेरी जाते. वरून साखर लावलेल्या आंबट, चिवट गोळ्या करताना मोबाइलवर कुणी एक बाई दिसली आणि मी ठरवून टाकलं, ह्याच करायच्या. त्यात लागणारं जिलेटिन हाडांपासून करतात हे कळल्यावर आईनं नाक मुरडलं. मासे खाणाऱ्या घरात हे सोवळं कुठून आलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी त्याऐवजी समुद्री शेवाळापासून केलेलं चायना ग्रास आणलं. ते भिजवून उकळलं, साखर विरघळवली, पातेलं खाली उतरवलं आणि फळीवरच्या बाटलीतलं कोकमाचं आगळ त्यात ओतलं. खोबरेल लावलेल्या थाळीत रंग असा लालभडक उतरला की मी स्वतःवरच खूश झाले.

थिजल्यावर तुकडे कापले. ते पंख्याखाली चांगले सुकवल्याशिवाय साखर लावायची नसते, पण मला कुठला एवढा धीर. साखरेला पाणी सुटलं आणि सगळा चिकट गोळा झाला. एकेक तुकडा पुसून पुन्हा वाळवला. मग साखरेत चिमूटभर लिंबूसत्त्व मिसळून सगळे घोळवले. एक तोंडात टाकणार, तर आईनं हात धरला. देवापुढं ठेवल्याशिवाय तिच्या घरात काही चाखायचं नाही, मग ते मोबाइलवर शिकलेलं का असेना.

देवापुढची वाटी तिनं तशीच उचलून सोप्यावर बाबांना नेऊन दिली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. मिशीला साखर लागली. आम्ही दोघी उगाच अंगणाकडे बघत उभ्या राहिलो. ते बराच वेळ चघळत होते.

"मीठ चड पडलां गो," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. आगळ मीठ घालूनच टिकवतात, आणि मी तर अर्धी बाटली रिकामी केली होती.

आईनं झटकन एक तुकडा तोंडात टाकला. तिचा चेहरा आक्रसला, डोळे भरून आले.

"खंय चड पडलां?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बरोबर आसा."

आपलं खरं करण्यासाठी बाबांनी दुसरा तुकडा उचलला.